‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे!

दिवाळीची साफसफाई काढली की आमच्या घरी दरवर्षी एक गोष्ट हमखास सापडते. गादीखाली सरकवलेल्या एक्स-रेच्या फिल्म! सासऱ्यांच्या मोडलेल्या मांडीची, लेकाच्या मनगटाची, ह्यांच्या छातीची. मोठमोठ्या पाकिटांत घातलेल्या, काही एकमेकींना चिकटलेल्या. टाकवत नाहीत आणि ठेवून काय करायचं तेही कळत नाही. लहानपणी आम्हाला त्यांचा एकच उपयोग माहीत होता. 1980 च्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण होतं, तेव्हा मोठी माणसं दारं-खिडक्या लावून घरात बसली होती आणि आम्ही पोरं गच्चीवर चोरून एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्य बघत होतो. (असं कधी करू नये, डोळे जाऊ शकतात, हे फार उशिरा कळलं.)

या वर्षी मात्र ती पाकिटं हातात आली आणि मी झाडू बाजूला ठेवून तिथंच पलंगावर बसले. वन्सं आठवल्या.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. तालुक्याच्या गावी असतात. घर, शेती, गुरं, सगळं अंगावर. दोन वर्षांपूर्वी त्यांना डाव्या बाजूला छातीत जड जड वाटायला लागलं. सांगायला लाज, दाखवायला त्याहून लाज. महिनाभर त्यांनी हळद लावून काढला. शेवटी गावातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, “मॅमोग्राफी करून घ्या.” ती सोय जिल्ह्याच्या गावी. सकाळच्या एसटीने वन्सं आणि त्यांचे मिस्टर गेले. तपासणी झाली, फिल्मचं पाकीट हातात पडलं. “रिपोर्ट उद्या संध्याकाळी मिळेल,” असं काउंटरवर सांगितलं. शेवटची गाडी सव्वासहाला. मुक्काम करायचा कुठं? रिपोर्टचा कागद काय, कुणी ना कुणी येईल तेव्हा घेऊन येईल, असं ठरवून दोघं परत आले.

घरी आल्यावर फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून तिचा मोबाइलवर फोटो काढला आणि पुतण्याला पाठवला. पुतण्या नुकताच डॉक्टर झालेला, परगावी नोकरीला. त्याचं लगेच उत्तर आलं, “काकू, फोटोत काही दिसत नाहीये. रिपोर्ट आला की तो पाठवा.”

घरातल्यांनी पहिलंच वाक्य वाचलं. ‘काही दिसत नाहीये’चं ‘काही नाहीये’ झालं. देवापुढे साखर ठेवली गेली. दुसरं वाक्य कुणाच्या मनावर आलंच नाही. भातलावणी आली, गौरी-गणपती आले. रिपोर्ट तिकडे काउंटरच्या खणात पडून राहिला. तिथूनही कुणी फोन केला नाही, इकडूनही कुणी विचारलं नाही.

तीन महिन्यांनी मी लग्नाच्या खरेदीला जिल्ह्याच्या गावी जाणार होते. वन्सं म्हणाल्या, “अगं, चाललीच आहेस तर तेवढं पाकीट घेऊन ये, पैसे भरलेत त्याचे.” मी ते आणलं आणि गाडीत बसून उघडलं. सगळं इंग्रजीत. अर्धं कळलं, अर्धं नाही. पण शेवटची ओळ कळली. ‘बाय-रॅड्स 4, बायोप्सी करावी.’ त्या दिवशी गाडी घरी कधी पोचली, मला आठवत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. बायोप्सी झाली. कर्करोग निघाला, पण लहान होता. पुण्यात ऑपरेशन झालं, उपचार झाले. आज वन्सं बऱ्या आहेत, दर सहा महिन्यांनी दाखवायला जातात आणि जाताना माझ्यासाठी घरच्या शेंगा आणतात. त्या तीन महिन्यांनी काही बिघडलं का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, “तो हिशेब आता मांडू नका.” त्या भल्या माणसाने आमच्या समाधानासाठी तसं सांगितलं असेल. माझ्या मनातून तो हिशेब जात नाही.

पण आज लिहायला बसले ते पुण्यात पाहिलेल्या एका खोलीबद्दल. ऑपरेशनच्या आधी तिथल्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी आम्हाला मूळ तपासणीची सीडी आणायला सांगितली होती. फिल्म नको, सीडी. ती घेऊन आम्ही दोघी गेलो. वन्संचा चेहरा बघून की काय, त्या म्हणाल्या, “काकू, बघायचंय का तुम्हाला? या, बसा दोघी.”

खोलीत जवळजवळ अंधार. तांदूळ निवडायला आपण उजेडात बसतो, या बाई अंधारात! मी तसं म्हटलंसुद्धा. त्या हसल्या. म्हणाल्या, “इथं उजेड पडद्याच्या आत असतो. बाहेरचा उजेड काचेवर पडला तर बारीक फरक पुसले जातात.” समोर दोन उभे पडदे, आपल्या टीव्हीसारखे आडवे नव्हेत. साध्या फुल एचडी टीव्हीवर सुमारे 20 लाख ठिपक्यांचं चित्र उमटतं. मॅमोग्राफीसाठी ठेवलेल्या या एकेका पडद्यावर सुमारे 50 लाखांचं. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा नीट वेगळ्या दिसाव्यात म्हणून हे पडदे ठरावीक काळाने मोजून, जुळवून घ्यावे लागतात. किंमत लाखांत.

बाईंनी उजवं आणि डावं स्तन आरशासमोर आरसा ठेवावा तसं शेजारी शेजारी लावलं. एकेका बाजूची दोन चित्रं, एक वरून घेतलेलं, एक तिरकं. मग डाव्या चित्राचा एक कोपरा मोठा केला. आणखी मोठा केला. आणि मला दिसलं. चिमूटभर मीठ सांडावं तसे पांढरे बारीक कण, एकाच जागी गोळा झालेले. त्यातला एकेक कण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ते चुन्याचे कण असतात, म्हणाल्या. बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण असे एका ठिकाणी, वेड्यावाकड्या आकाराचे दिसले की तपासावं लागतं.

मी मोबाइल काढून आम्ही पाठवलेला तो फोटो त्यांना दाखवला. फोटोत ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा होता, फिल्म धरणाऱ्या बोटाची सावली होती आणि मध्ये एक धुरकट करडा गोळा. मिठाचा कण नावालासुद्धा नाही. पुतण्या बिचारा खरंच बोलला होता. फोटोत काही दिसत नव्हतं!

मैत्रिणींनो, हे का होतं ते मी त्या दिवशी विचारून घेतलं, तुम्हालाही सांगते. पूर्वी एक्स-रेची फिल्म हेच मूळ चित्र असायचं. डार्करूममध्ये धुतलेली ती फिल्म डॉक्टर दिव्याच्या पेटीवर लावत आणि भिंगातून बघत. आता बहुतेक ठिकाणी मूळ चित्र कॉम्प्युटरमध्ये असतं आणि आपल्या हातात येते ती त्याची छापील प्रत. त्या छापील प्रतीचा ट्यूबसमोर धरून काढलेला फोटो, तो पाठवताना आणखी दाबून लहान केलेला. म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. सातबाराचा उतारा असा कुणी आणून दिला तर आपण त्यावर जमीन घेऊ का? छातीच्या बाबतीत मात्र आपल्याला तो चालतो.

सीटी स्कॅनचं तर याहून पुढचं आहे. 2020 आणि 2021 साली कोरोनाच्या दिवसांत आपण सगळ्या घरबसल्या ‘एचआरसीटी’ हा शब्द शिकलो. “स्कोअर किती आला?” हाच प्रश्न प्रत्येक फोनवर. पण स्कॅनमध्ये असतं काय? हवा, पाणी, हाड यांना त्यात आकडे दिलेले असतात. हवेला उणे 1000, पाण्याला शून्य, टणक हाडाला अधिक 1000 किंवा त्याहूनही जास्त. ही मापं ज्यांच्या नावाने ओळखली जातात त्या गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी हे यंत्र बनवलं. 1971 साली लंडनमध्ये त्यावर पहिल्यांदा रोग्याचा मेंदू तपासला गेला आणि 1979 साली हाउन्सफिल्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. एवढ्या सगळ्या छटा एकाच वेळी दाखवल्या तर आपल्या डोळ्यांना सगळंच करडं दिसतं. म्हणून डॉक्टर कॉम्प्युटरवर ‘खिडकी’ बदलत जातात. एका खिडकीतून फुप्फुस नीट दिसतं, तेव्हा हाडं नुसती पांढरी. दुसऱ्या खिडकीतून हाडाची बारीक चीर दिसते, तेव्हा फुप्फुस काळं. चित्र एकच, पण ज्या खिडकीतून बघाल तेवढंच दिसणार. छातीच्या एका स्कॅनमध्ये शेकडो काप असतात. फिल्मवर छापतात ते त्यातले निवडक, तेही एक-दोन खिडक्यांतून बघितलेले. म्हणजे पाकिटातल्या चार फिल्म म्हणजे अख्खा स्कॅन नव्हे, ती त्याची वानगी.

मग आपण मागायचं काय? सीडी, पेनड्राइव्ह किंवा आता काही ठिकाणी मिळते ती लिंक. त्यात मूळ चित्रं असतात. ती ‘डायकॉम’ नावाच्या सामायिक पद्धतीने साठवलेली असतात. पूर्वी एका कंपनीच्या यंत्रातलं चित्र दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर उघडायचं नाही. म्हणून अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि यंत्रं बनवणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून नियम बांधले. त्यांची पहिली आवृत्ती 1985 ची, आणि डायकॉम हे नाव आलं 1993 साली. त्यामुळेच जिल्ह्याच्या गावातली सीडी पुण्यातल्या त्या अंधाऱ्या खोलीत पहिल्या झटक्यात उघडली. वन्संना परत यंत्रात उभं राहावं लागलं नाही, पैसेही वाचले.

हे सगळं समजल्यावर मला दोन गोष्टींचा राग आला.

पहिला राग व्यवस्थेचा. आपल्याकडे नवं यंत्र आलं की नारळ फुटतो, फीत कापली जाते, पेपरात फोटो येतो. ते यंत्र चित्र काढतं. पण ते चित्र वाचणार कोण, कुठं बसून, कसल्या पडद्यावर? त्याची बातमी येत नाही. चित्र काढणं हे अर्धंच काम आहे. रेडिओलॉजिस्ट मोठ्या शहरांत जास्त, आपल्याकडे कमी. यावर उपाय नाही असं नाही. 2002 साली बंगळुरूत डॉ. अर्जुन कल्याणपूर आणि डॉ. सुनीता माहेश्वरी यांनी टेलिरेडिओलॉजीचं काम सुरू केलं. अमेरिकेत रात्र असताना आपल्याकडे दिवस, म्हणून तिथल्या हॉस्पिटलांतले रात्रीचे स्कॅन इथं बसून वाचले जाऊ लागले. सातासमुद्रापलीकडचं चित्र इथं वाचता येतं, तर आपल्या तालुक्याचं चित्र पुण्या-मुंबईत का वाचता येऊ नये? अनेक सेंटरं आज तसं करतातही. माझं म्हणणं एवढंच, की कुणी वाचलं ते आम्हाला सांगा. रिपोर्टवर डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि सही असू द्या. आणि रिपोर्टमध्ये काही संशयास्पद असेल तर तो खणात ठेवून वाट बघू नका. बाईला फोन करा. एक फोन!

दुसरा राग आपला आपल्यावरच. विचार करा, आपल्यातल्या बहुतेकींनी असला पडदा आयुष्यात पहिल्यांदा कधी पाहिला? गरोदरपणात, सोनोग्राफीच्या खोलीत. तोही बऱ्याचदा तोंड फिरवलेला. त्याला कारण आहे आणि ते योग्यच आहे. मुलगा की मुलगी हे कळू नये म्हणून कायदा झाला, महाराष्ट्रात देशात सर्वांत आधी, 1988 साली, मग 1994 साली साऱ्या देशासाठी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून आपल्याला सवयच लागली की काय कोण जाणे. चित्र आपल्या शरीराचं, आणि आपण भिंतीकडे बघत पडून राहायचं. पाकीट नवऱ्याच्या हातात, रिपोर्ट दिराच्या खिशात, फोटो पुतण्याच्या मोबाइलवर. आणि आपण? “काय म्हणाले हो डॉक्टर?”

जगातलं माणसाच्या शरीराचं पहिलं प्रसिद्ध एक्स-रे चित्रसुद्धा एका बाईच्याच हाताचं आहे. 22 डिसेंबर 1895 रोजी जर्मनीत विल्हेम रोंटगेन यांनी आपली बायको ॲना बर्था हिच्या हाताचं ते चित्र घेतलं. हाडं आणि बोटातली अंगठी त्यात स्पष्ट दिसते. शोध नवऱ्याचा, 1901 चं पहिलं नोबेलही त्याचं, योग्यच झालं. पण हात तिचा होता, हेही आपण लक्षात ठेवायला हरकत नाही.

आमच्या घरचंच सांगते. ह्यांच्या हृदयाची फाइल प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, तारखेप्रमाणे लावलेली. मुलांची लसीकरणाची कार्डं अजून जपून ठेवलेली, मुलं तिशीला आली तरी. माझी फाइल? नव्हतीच. वन्संची चार वर्षांपूर्वीची एक मॅमोग्राफी होती, गावात शिबिर झालं होतं तेव्हाची. पुण्याच्या बाईंनी ती मागितली. जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं की नवीन काय उगवलंय ते चटकन कळतं. ती फिल्म वन्संच्या पावसाळ्यात गळणाऱ्या माळ्यावर सापडली. बुरशी आलेली.

म्हणून मैत्रिणींनो, धाकट्या बहिणींना सांगावं तसं सांगते. तपासणी झाली की काम झालं असं समजू नका. रिपोर्ट हातात येऊन तो आपल्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत तपासणी अर्धीच राहिलेली असते. शेवटची गाडी चुकणार असेल तर रिपोर्ट कधी, कुणाकडून, कसा मिळेल हे काउंटरवर विचारून, फोन नंबर लिहून घेऊनच निघा. फिल्मबरोबर सीडी किंवा लिंक मागा. “तुम्हाला काय करायचीय सीडी?” असं कुणी म्हणालं तर म्हणा, “दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचीय.” हे भांडण नव्हे, हक्क आहे. डॉक्टरांसाठी 2002 साली केलेल्या आचारसंहितेत लिहिलंय की रुग्णाने आपली कागदपत्रं मागितली तर ती 72 तासांच्या आत द्यावीत.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टच्या शेवटी ‘बाय-रॅड्स’ आणि एक आकडा असतो, तो बघायला शिका. 1 आणि 2 म्हणजे काळजीचं कारण दिसत नाही. 3 म्हणजे बहुधा साधं, पण सांगतील तेव्हा, बहुतेक सहा महिन्यांनी, परत दाखवा. 4 आणि 5 म्हणजे तुकडा काढून तपासा. 4 म्हणजे कर्करोगच, असं मुळीच नाही, त्यातल्या पुष्कळ गाठी साध्याच निघतात. आणि शून्य! आपल्याला वाटतं शून्य म्हणजे काही नाही. शून्य म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी चित्रं किंवा सोनोग्राफी हवी. शून्य बघून पेढे वाटू नका.

मोबाइलला मी शत्रू मानत नाही. रात्री पोराचा हात मोडला, गावात हाडांचे डॉक्टर नाहीत, तर फोटो पाठवून सल्ला जरूर घ्या. पण तो सल्ला झाला, निदान नव्हे. ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ यांत एका शब्दाचं अंतर आहे. आमच्या घरी त्या एका शब्दाने तीन महिने खाल्ले.

आणि प्रत्येकीने उठून यंत्रात उभं राहावं असंही माझं म्हणणं नाही. ते वय आणि तब्येत बघून डॉक्टर ठरवतील. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने 1998 पासून वीस वर्षं मुंबईतल्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या एका गटाला शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका ठरावीक काळाने नुसत्या हाताने तपासत होत्या. 2021 साली निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. म्हणजे गावात मोठं यंत्र नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. लाज सोडून दाखवायचं, आणि दाखवल्यावर शेवटपर्यंत पाठपुरावा करायचा. तांदूळ निवडताना एक खडा सुटला तर आपण पुन्हा ताट पुढ्यात ओढतो ना? तेवढंच.

तर त्या दिवशी साफसफाई तिथंच थांबवून मी बाजारात गेले आणि दोन फायली आणल्या. एकीवर माझं नाव लिहिलं. आत काय घालायचं? सध्या एक साखरेचा रिपोर्ट आणि एक जुनी सोनोग्राफी, बस्स. दुसरी फाइल वन्संना भाऊबीजेला दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “साडी देशील वाटलं होतं गं.” मग कपाटातून सीडी काढून स्वतःच्या हाताने पहिल्या कप्प्यात घातली.